गाडीचं स्केल मॉडेल: पावसाळ्यात जोडा, थंडीत रंगवा

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून गाडीची छोटी, हुबेहूब प्रतिकृती करायची म्हटली की नवखा माणूस घाबरतो जोडणीला. खरं तर जोडणी सोपी. प्रत्येक भागावर नंबर असतो, माहितीपत्रकात चित्रं असतात, आणि डोकं शांत ठेवलं तर शाळकरी पोरगाही ती नीट करतो. घाम फुटतो तो रंगात. रणगाडा किंवा लढाऊ विमान केलं तर रंगातले डाग, ओरखडे लढाईच्या नावावर खपून जातात. गाडी मात्र शोरूममधून आत्ता बाहेर काढलीय अशी दिसावी लागते, आणि तकतकीत बॉनेटवर एक केस चिकटला तरी तो लांबून ओरडतो. म्हणून खाली जास्त जागा रंगालाच दिली आहे.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. जून ते सप्टेंबर इथं हवेत जे पाणी असतं, त्यात लॅकर, म्हणजे थिनर उडून भराभर वाळणारा रंग, मारणं म्हणजे पैसे गटारीत घालणं. तेव्हा वर्षाचा हिशेब आधीच मांडा: पावसाळ्यात कापणी, घासणी, जोडणी, बॉडीचा रंग दिवाळीनंतर.

किट निवडताना

पहिलं किट 1/24 चं घ्या. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलमध्ये अर्धा इंच होतो; चार मीटर वीस सेंटिमीटरची गाडी साडेसतरा सेंटिमीटरची होते. हातात धरायला बरी आणि कपाटात मावणारी. अमेरिकन कंपन्यांची किटं बहुधा 1/25 ची असतात, कारण तिकडं शोरूमवाल्यांना जाहिरातीसाठी देत ती छोटी मॉडेलं त्याच मापाची असायची. 1/43 हे माप खेळण्यातल्या रेल्वेकडून आलं. ते दिसायला गोड, पण पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका, आरसे आणि वायपर चिमट्यातून उडाले की सापडत नाहीत.

तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या चारही कंपन्या जपानच्या शिझुओका प्रांतातल्या. आपल्याकडं हुपरीला जशी चांदी, तसा तिकडं हा धंदा. पहिल्यासाठी मी तामियाच सुचवीन, कारण भाग एकमेकांत नीट बसतात आणि पुट्टी जवळजवळ लागत नाही. इंजिन नसलेलं, एकाच रंगाचं, साध्या रस्त्यावरच्या गाडीचं किट निवडा. रेसिंग गाडीचं खोकं फार देखणं असतं, पण त्यात पन्नासभर स्टिकर असतात आणि पहिल्यालाच ते अंगावर येतात.

किट बहुतेकदा ऑनलाइनच मागवावं लागतं. रंगाचे स्प्रे कॅन त्याच वेळी मागवा. ते ज्वलनशील असल्यानं सहसा विमानानं येत नाहीत, रस्त्यानं सावकाश येतात, आणि किट हातात असून रंगाची वाट बघत बसावं लागतं.

एकदम महागड्या किटवर हात चालवायचा नसेल, तर सेंटी कंपनीची मागं ओढून सोडायची प्लॅस्टिकची अ‍ॅम्बॅसेडर आणा. तळाचे स्क्रू काढून बॉडी सुटी करा आणि घासणी, प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग, रबिंग (शेवटी घासून चमक आणणं) असा सगळा सराव तिच्यावर करा. बिघडली तरी हळहळ नाही.

हत्यारं

एका बाजूनं सपाट असलेलं बारीक कटर, धारदार हॉबी नाइफ, चिमटा, 400 पासून 2000 नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक), मास्किंग टेप, पातळ प्लॅस्टिक सिमेंट, दोन-तीन चांगले ब्रश. कटर, सिमेंट आणि टेप हॉबीचेच घ्या, तिथं काटकसर करू नका. बाकीचं कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात मिळतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात दोन हजारचा पेपर मागितला की मालक विचारणार, "कुठली गाडी हाय?" "काका, वीतभर आहे," म्हणून सांगा. रबिंग कंपाउंडचा सगळ्यात लहान डबा तुम्हाला जन्मभर पुरेल.

कापणी आणि घासणी

सगळे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात. ही चौकट आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडनं धुऊन सावलीत वाळवा. साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यावर असतो आणि रंग तिथं धरत नाही.

भाग कधीही हातानं मोडून काढू नका. आधी भागापासून थोडं लांब कापा, मग उरलेला कोंब दुसऱ्या कापात काढा, आणि शेवटचा ठिपका 600 च्या पेपरनं घासा. एकाच दणक्यात कापलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं, खड्डा होतो.

आता बॉडी उजेडात तिरकी धरा. पुढच्या मडगार्डावरून, छताच्या कडेनं, बंपरच्या कोपऱ्यातून एक बारीक उंचवट्याची रेघ जाताना दिसेल. साच्याचे दोन तुकडे जिथं जुळतात तिथली ती खूण. खऱ्या गाडीला ती नसते. कितीतरी मॉडेलं नुसत्या या रेघेमुळं खेळणं वाटतात. 600 नं घासून 1000 नं गुळगुळीत करा आणि नखानं तपासा, कारण डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला लागतं.

त्याच बैठकीत दरवाजे, बॉनेट आणि डिकीच्या खाचांमधून सुरीच्या पात्याची मागची बाजू हलक्या हातानं दोन-तीनदा ओढा. प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून बरेच थर होणार आहेत. खाच आधी खोल केली नाही तर त्यात ती बुजून जाते आणि दरवाजा असल्याचा नुसता भास उरतो.

सिमेंटबद्दल थोडं. ते फेविकॉलसारखं चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतं. म्हणून दोन भाग आधी जुळवून धरा आणि ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. बोट सांध्यावर ठेवलंत तर बोटाचा ठसा कायमचा उठेल. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

बॉडीचा रंग

प्रायमर आधी. राखाडी प्रायमरमध्ये राहिलेले सगळे ओरखडे उघडे पडतात, आणि तोच त्याचा मोठा उपयोग. दिसलेला ओरखडा घासा, पुन्हा प्रायमर मारा. वरचा रंग लाल, पिवळा किंवा पांढरा असेल तर प्रायमर पांढरा घ्या, नाहीतर रंग मळका दिसतो. किटचं प्लॅस्टिकच लाल असेल आणि तुम्हाला गाडी पांढरी हवी असेल, तर सावध राहा: लाल रंग वरच्या थरांतून झिरपून पांढऱ्याला गुलाबी करतो. अशा वेळी मध्ये चंदेरी रंगाचा एक हात मारून घ्यावा.

रंगासाठी नवख्यानं कॅनच घ्यावा. तामियाच्या कॅनवर टीएस लिहिलेलं असेल तर तो या प्लॅस्टिकसाठी. पीएस लिहिलेला कॅन रिमोटच्या गाड्यांच्या पारदर्शक बॉडीसाठी असतो, तो घेऊ नका. उद्यमनगरात मिळणारे गाडीचे टच-अप कॅन स्वस्त पडतात, पण त्यातलं थिनर कडक. ते उघड्या प्लॅस्टिकवर पडलं तर पृष्ठभाग खरबरीत होतो. आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघा, आणि चांगल्या प्रायमरशिवाय वापरूच नका. त्यातही साधे रंग घ्या. मेटॅलिक रंगातली चमकी खऱ्या गाडीच्या मापाची असते, चोवीस पटीनं लहान गाडीवर ती भेळेवरच्या शेवेएवढी दिसते.

हात कसा फिरवायचा हे शिकायचं असेल तर गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत अर्धा तास उभे राहा. गन चालवणारा कारागीर बघा: हात आधी हलतो, मग रंग सुटतो, मूर्तीच्या पलीकडं गेल्यावरच रंग थांबतो. मध्येच कुठं हात अडला की तिथं ओघळ. कॅनलाही हाच नियम. पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर ठेवा, बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिले दोन हात इतके हलके की खालचा प्रायमर दिसत राहावा. प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. शेवटचा हात मात्र ओला, चमक येईपर्यंत. कोपरे आणि खाचा सगळ्यात आधी धुरळून घ्या, कारण नंतर तिथं रंग पोचवायला गेलं की शेजारी जाड बसतो. डिसेंबरच्या सकाळी कॅन गार पडलेला असतो. दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, रंग बारीक सुटतो. उकळतं पाणी किंवा गॅस यांच्या जवळसुद्धा नेऊ नका, कॅन फुटतो.

पावसाळ्यात हे का नको? थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. रंग दुधाळ, पांढरट होतो. असं झालंच तर पुसू नका. कोरड्या दिवशी त्याच रंगाचा एक हलका हात मारला की पुष्कळदा तो पांढरेपणा जातो. हवेतली आर्द्रता दाखवणारं स्वस्तातलं मीटर घरात लावा. साठ टक्क्यांच्या वर काटा असेल तर त्या दिवशी डबे उघडू नयेत.

थंडीतही एक कटकट आहेच. ऊसतोड सुरू झाली की कुठंतरी पाचट पेटतं आणि राखेचे काळे पापुद्रे गच्चीवर उतरतात. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला काजळी. म्हणून गच्चीवर रंगवू नका. मोठं खोकं आडवं ठेवून, आतून ओलं फडकं फिरवून, उघड्या खिडकीपाशी त्यात रंगवा. पंखा बंद ठेवा. तोंडाला कापडी नव्हे, रसायनांच्या वाफेसाठी असलेला काडतूसवाला मास्क लावा. रंग मारून झाला की बॉडीवर लगेच प्लॅस्टिकचा डबा पालथा घाला.

तरीही धूळ बसलीच, तर ओल्या रंगात बोट घालू नका. पूर्ण वाळू द्या, 2000 च्या पेपरला पाणी लावून तेवढाच ठिपका घासा आणि पुन्हा एक हात. वाळलंय की नाही याची खात्री नाकानं करा: बॉडी नाकाशी धरली आणि रंगाचा वास आला, तर अजून वाळलेलं नाही. लॅकरला आठवडा द्यावा, इनॅमलला त्याहून जास्त.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग उडवणारी छोटी गन, हा पुढचा टप्पा. 0.3 मिलिमीटरचं नोझल, पंधरा-वीस पीएसआय दाब, टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर. दोन-तीन गाड्या कॅननं झाल्याशिवाय त्यावर खर्च करू नका.

स्टिकर, वार्निश, रबिंग

पाण्यातले स्टिकर म्हणजे डेकल. अर्धा मिनिट पाण्यात, मग कागदावरून बॉडीवर सरकवायचे, ओल्या कापसानं हवा काढायची. दिवसभर वाळू द्या. वरचं क्लिअर वार्निशही सुरुवातीला अगदी हलकं मारा, ओलं मारलं तर डेकल सुरकुततात. गॅरेजमधलं हार्डनर मिसळायचं क्लिअर घरात वापरू नका, त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते.

आठवड्यानं रबिंग. आधी 2000 चा, मिळाला तर 3000 चा पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, मग मऊ कापडानं कंपाउंड. कडा आणि उभारलेल्या रेघांवर पेपर फिरवू नका, तिथला थर पातळ असतो आणि दोन घासांत खालचा प्रायमर वर येतो. नवख्यानं कडांवर आधीच टेपच्या बारीक पट्ट्या लावाव्यात.

बाकीचं

आतली सीटं आणि डॅशबोर्ड मॅट रंगात, ब्रशनं चालतात. काच लागल्यावर त्यातलं निम्मं कुणाला दिसत नाही. तळ अर्धवट चमकीचा काळा. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर 400 चा पेपर फिरवला की खेळण्याची चकाकी जाऊन टायर खरा वाटतो.

खिडक्यांच्या काळ्या रबरी कडांना मात्र वेळ द्या. टेप काचेवर चिकटवून नव्या पात्यानं तिची कड ताजी कापा, मगच बॉडीवर लावा. दुकानातून आलेल्या टेपच्या कडेला धूळ असते आणि रेघ फाटकी येते. क्रोमच्या पट्ट्यांसाठी चिकट धातूची फॉइल मिळते, ती लावून नव्या पात्यानं जास्तीची कापून काढा. पट्टी किती बारीक हवी याचा अंदाज जुनी गाडी जवळून बघितल्याशिवाय येत नाही. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा गर्दीतून तिचे हँडल, दिव्यांची कडी, काचेची चौकट यांचे फोटो काढून ठेवा.

काचा लावताना फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेनं काच पांढरी धुरकट होते. टाचणीच्या टोकावर घेतलेला पांढरा फेविकॉल पुरतो आणि वाळल्यावर दिसत नाही. आरसे, वायपर, नंबरप्लेट सगळ्यात शेवटी, कारण हाताळताना तेच आधी मोडतात. आपल्या पासिंगची म्हणजे एमएच 09 ची नंबरप्लेट छापून लावायची असेल तर 1/24 ला ती जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद होते. फोटोपेपरवर छापा, कापल्यावर कागदाच्या पांढऱ्या कडा काळ्या पेननं रंगवा आणि मग चिकटवा.

झालेली गाडी ॲक्रिलिकच्या झाकणाखाली, उन्हापासून लांब ठेवा. पिसाच्या झाडणीनं धूळ झटकू नका, तिला आरसे अडकतात. मेकअपचा मऊ ब्रश घ्या.