निवृत्तीनंतर वेळ खायला उठतो? या चुका टाळा

निवृत्तीची तयारी म्हणजे पैशांची तयारी, अशी बहुतेकांची समजूत असते. महिन्याला किती लागतील, आजारपणासाठी किती बाजूला ठेवायचे, याचे तक्ते तयार असतात. त्याच माणसाला विचारा, की निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत असाल? ‘बघू, होईल काहीतरी’ असं उत्तर येतं. तिसरा महिना उजाडतो, मंगळवारही येतो, आणि अकराला तो माणूस तेच वर्तमानपत्र दुसऱ्यांदा उघडून बसलेला असतो.

यात त्याचा फारसा दोष नाही. निवृत्ती हा प्रकारच मुळात नवा आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट होती ७०. ती ६५ वर आली १९१६ मध्ये. त्या काळी सत्तरी गाठणारेच थोडे, त्यामुळे ‘पुढे काय’ हा प्रश्न फार जणांना पडतच नसे. आज जगाची सरासरी धरली तर साठीच्या माणसापुढे अजून वीसेक वर्षं असतात. इतक्या लांब पल्ल्यासाठी मळलेली वाट नाही, म्हणून चांगली कर्तबगार माणसंही इथे चुकतात. किंबहुना तीच जास्त चुकतात.

‘पगार तेवढा थांबला’ असं समजणं

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथल्या जगण्याचा बारकाईनं अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचायला आता रग्गड वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून लोक नेत असलेली पुस्तकं दोन वर्षांत निम्म्यावर आली. अभ्यासकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायकांचं घरकाम काही बंद पडलं नव्हतं. पुरुषांना मात्र सकाळपासून दुपारपर्यंत आपण काय केलं, हेही धड सांगता येईना.

बेकारी वेगळी आणि निवृत्ती वेगळी, हे खरंच. निवृत्ताच्या डोक्यावर उपासमारीची टांगती तलवार नसते. पण दिवस हातातून निसटण्याची तऱ्हा तीच. याहोदांनी पुढे मांडलं, की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक ओळख, आणि हातपाय व डोकं हलतं ठेवायची सक्ती. निवृत्तीच्या दिवशी या पाचही एकदम जातात, आणि निरोप समारंभात त्यांचा उल्लेखही होत नाही.

आपल्याला नेमकं काय टोचतंय हे न ओळखता औषध घेणं, ही इथली खरी चूक. आज कोणता वार आहे हे आठवावं लागत असेल, तर चौकट गेलीय. चुकून आलेला फोनही ठेववत नसेल, तर माणसं हवी आहेत. नव्या माणसाला ओळख करून देताना ‘मी पूर्वी…’ इथून वाक्य सुरू होत असेल, तर ओळखीचा प्रश्न आहे. माणसांची भूक असलेल्याला घरच्यांनी चित्रकलेचं सामान आणून दिलं, की तो एकटा बसून रंगवतो आणि आणखी एकटा पडतो. मग सगळे म्हणतात, ‘यांना कशात रसच नाही.’ रस आहे, औषध चुकलंय.

बेमुदत आराम, नाहीतर आरंभशूरपणा

रॉबर्ट ॲचली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीला मौजेचा काळ, मग भ्रमनिरास, मग नव्यानं जुळवाजुळव, आणि शेवटी स्थिरता. सगळ्यांचं गाडं याच क्रमानं जातं असं नाही, पण पहिल्या दोन टप्प्यांची सांगड मात्र सर्रास दिसते. उशिरापर्यंत झोपणं, प्रवास, राहून गेलेल्या भेटीगाठी, हे सगळं व्हावंच. फक्त त्याला शेवटची तारीख असावी. ‘जरा थांबतो, मग बघतो’ यातलं ‘जरा’ दोन वर्षांचं झालं, की सवय मुरते आणि उठणं जड जातं.

दुसऱ्या टोकाला आरंभशूर. पहिल्याच महिन्यात नवी भाषा, योगवर्ग, बागकाम, वाद्य आणि दोन संस्थांचं सदस्यत्व. चौथ्या महिन्यात वाद्य कपाटावर. एका वेळी एकच नवी गोष्ट घ्या, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावू नका.

हेतू ‘शोधत’ बसणं

आयुष्याला हेतू असला की तब्येतीला फायदा होतो, हे आता सगळीकडे वाचायला मिळतं, आणि त्यात तथ्यही आहे. जपानमधल्या ओसाकी भागात ४३,३९१ प्रौढांचा सात वर्षं पाठपुरावा केला गेला. जगण्यात काही अर्थ वाटतो का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. अर्थात, आधीच आजारी असलेल्या माणसाला जगण्यात गोडी कमी वाटणं साहजिक आहे. अभ्यासक अशा गोष्टींचा हिशेब धरून आकडे मांडतात, तरी कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून पक्कं ठरत नाही.

हे वाचून लोक काय करतात? वही घेऊन बसतात आणि ‘माझ्या उरलेल्या आयुष्याचा हेतू’ असं शीर्षक घालतात. पान कोरंच राहतं. नोकरीत तरी तुम्ही हेतू शोधून गेला होतात का? जागा निघाली, अर्ज केला, रुजू झालात. पाच-दहा वर्षांत काम हाताला बसलं, लोक विचारायला येऊ लागले, आणि त्यातून आपण कशासाठी आहोत हे कळलं. निवृत्तीनंतरही क्रम हाच असतो. आधी रुजू व्हायचं, हेतू मागून येतो.

आता कुठे रुजू व्हायचं, तर माझी कसोटी एकच आहे: तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं अडेल का? वाचनालयात जाऊन वाचत बसलात, छान; पण न गेल्यानं कुणाचं अडत नाही. त्याच वाचनालयात बुधवारी चार ते पाच एका अडखळत वाचणाऱ्या मुलाला शेजारी बसवून वाचून घ्यायचं कबूल केलंत, तर चित्र बदलतं. तो पावणेचारलाच येऊन बसलेला असतो. मागच्या वेळी जिथे थांबलो तिथे त्यानं बोट ठेवलेलं असतं. जोडाक्षर आलं की तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही गप्प राहायचं, तो पुन्हा प्रयत्न करतो. बुधवारी गुडघा दुखत असला तरी तुम्ही जाता. हा गुडघा शुक्रवारीही तेवढाच दुखत असतो, पण शुक्रवारी तुम्ही घरी असता.

अमेरिकेत ‘एक्सपिरियन्स कोअर’ या उपक्रमात नेमकं हेच केलं गेलं. ज्येष्ठ स्वयंसेवक शाळांमध्ये जाऊन लहान मुलांना वाचायला मदत करत, आणि तेही आठवड्याला १५ तासांच्या आसपास, म्हणजे चांगलं अर्धवेळ काम. या उपक्रमामागच्या डॉ. लिंडा फ्रीड या वृद्धांच्या आरोग्याच्या अभ्यासक. मुलांना वाचायला येईल आणि म्हाताऱ्यांचं चालणं, बोलणं, विचार करणं सुरू राहील, असा दुहेरी डाव होता. व्यायाम करा म्हटलं तर न येणारी माणसं मुलांसाठी येतात.

प्रत्येकाला १५ तास जमतील असं नाही. आठवड्याला दोन तासही चालतील. वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि समोर माणूस हवा. ‘कधीही बोलवा, मी मोकळाच असतो’ असं सांगून ठेवणाऱ्याला कुणी बोलवत नाही.

खुर्ची सोबत नेणं

जुन्या ऑफिसात चक्कर मारणं पहिल्यांदा गोड वाटतं. दुसऱ्यांदा लोक घड्याळाकडे बघतात. तिसऱ्यांदा जाऊ नये. तिथल्या मित्रांना बाहेर भेटा.

घरात खुर्चीचा त्रास वेगळ्या तऱ्हेनं होतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त अभियंते घराची ‘व्यवस्था’ लावायला निघाले. पहिल्याच आठवड्यात औषधांचं कपाट रिकामं करून सगळ्या बाटल्या आणि पाकिटं त्यांनी वर्णानुक्रमे लावली, खाली छापील पट्ट्या चिकटवल्या. रात्री बायकोला तिची गोळी सापडेना. तिला त्या गोळीचं नावच ठाऊक नव्हतं. वरच्या फळीवर, हिरव्या बाटलीच्या मागे, एवढंच ठाऊक होतं, आणि कित्येक वर्षं तेवढं पुरलं होतं. त्या रात्री झालेलं भांडण गोळीवरून नव्हतंच. घर हे तिचं चालू कार्यालय होतं, आणि तिथे एक नवा साहेब न विचारता रुजू झाला होता.

जोडीदाराशी हे निवृत्तीआधी बोलून घ्या: दिवसातला कोणता वेळ दोघांचा, कोणता ज्याचा त्याचा, आणि घरातलं कोणतं काम आता तुमच्याकडे पूर्णपणे आलं. ‘मदत करतो’ असं नका म्हणू. एक काम घ्या आणि त्यात पुन्हा सूचना विचारायला जाऊ नका.

स्वयंसेवी संस्थेतही हीच सवय आड येते. काल आलेला माणूस आज सगळ्यांना कार्यपद्धती समजावून सांगतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. तिथे काही महिने सतरंज्या उचला. तुमचं डोकं कुठे कामी येईल, हे लोकांना आपोआप दिसेल.

‘मी रोज चालतो की!’

चालणं उत्तमच, पण पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगतात. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींवर भर देणारी हालचाल. लोक पहिलं वाक्य वाचून थांबतात.

स्नायू वयानुसार झिजतात, आणि अंथरुणात तर झपाट्यानं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतली सुमारे एक किलो चरबीविरहित ऊती, म्हणजे मुख्यतः स्नायू, गेली. म्हणजे साध्या तापातही गरजेपेक्षा जास्त दिवस पडून राहणं महागात पडतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांनी आठ आठवड्यांसाठी देखरेखीखाली वजनं उचलायला घेतली, आणि ते पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तेव्हा ‘आता या वयात काय’ हे कारण चालणार नाही.

स्वतःची परीक्षा घरी घेता येते. बिनहाताची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर आडवे धरा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. जवळ कुणीतरी असू द्या. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा आणि बायकांना ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर ते सरासरीच्या खाली धरलं जातं. तोल जाऊन पडण्याचा धोका वाढल्याची ती खूण आहे. हृदयविकार किंवा सांध्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

‘पूर्वीसारखं जमत नाही, म्हणून सोडलं’

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस या बाबतीत पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरात असताना, या वयात हे कसं जमतं असं त्यांना विचारलं गेलं. ते म्हणाले, मी आता कमी रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि वेगवान भाग येण्याआधी मुद्दाम जरा संथ वाजवतो, म्हणजे पुढचा वेग जास्त भासतो. तिसरी युक्ती तर निव्वळ चलाखी, आणि मला तीच सगळ्यात आवडते. सगळं डोंगर चढणं बंद करण्यापेक्षा अर्धा डोंगर चढावा. भाषण तासाचं झेपत नसेल तर वीस मिनिटांचं द्यावं.

‘तुम्ही रिकामेच आहात ना?’

निवृत्त माणसाचा वेळ सगळ्यांना फुकटचा वाटतो. नातवंडं सांभाळणं, बिलं भरणं, नातेवाइकांची कामं, एकेक करत दिवस लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात जातो आणि वर थकवा. नातवंडांत रमणं वेगळं आणि बिनपगारी पूर्णवेळ नोकरी वेगळी. तुमचे ठरलेले वार घरात सगळ्यांना दिसतील असे लिहून लावा. त्या दिवशी ‘नाही’ म्हणताना कारण द्यायची गरज पडत नाही.

सगळं केलं, तरी मन लागत नाही?

मग दोष वेळापत्रकात नसेल. आधी कान तपासा. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांमधून हळूहळू बाजूला होतो, आणि घरचे समजतात तो तुटक झालाय. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत ऐकू कमी येणं आहे, दृष्टी कमी होणं आहे, एकटेपणा, नैराश्य आणि हालचालीचा अभावही आहे. चष्मा लावायला लाज वाटत नाही, तर श्रवणयंत्राची का वाटावी, हे मला खरंच कळत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीतली गोडी गेली असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते ‘वयाचं’ म्हणून सोडू नका. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, झोपेच्या गोळ्यांसकट. सुस्ती आणि उदासपणा कधी कधी त्यांतल्याच एखादीचा असतो. थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, हेही विचारा. शक्य असेल तर सोबत घरचं कुणी न्या, कारण ‘तुम्ही हल्ली किती बोलता?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना जास्त नीट देता येतं.