कोल्हापुरातून एका दिवसात फिरायला निघताय? मग या चुका टाळा

दर शनिवारी रात्री मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, कधी पुण्याचा मावसभाऊ, कधी मुंबईची मैत्रीण, आणि प्रश्न ठरलेला, उद्या सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा आणि जमलंच तर राधानगरी होईल ना? नाही होणार. म्हणजे गाडीचे किलोमीटर होतील, पण बघून काही होणार नाही.

ही सगळ्यात मोठी चूक. नकाशात ही ठिकाणं शेजारी शेजारी वाटतात, पण कोल्हापूरचे रस्ते बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गावातनं बाहेर निघतात. पन्हाळा वायव्येला, गगनबावडा पश्चिमेकडं, राधानगरी-दाजीपूर नैऋत्येला, नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर पार पूर्वेला. एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जायचं तर बहुतेक वेळा परत गावातच यावं लागतंय आणि निम्मा दिवस रंकाळ्याच्या आसपासच्या ट्रॅफिकमध्ये जातोय. म्हणून एका दिवसाला एकच दिशा धरा. आणि दर्शन आदल्या दिवशी संध्याकाळी उरकून घ्या, कारण रविवारी सकाळची रांग किती वेळ खाईल हे कुणीच सांगू शकत नाही आणि तुम्ही ११ वाजता गावातनं निघालात की मग सगळीकडं घाईच घाई.

पन्हाळा आणि जोतिबा मात्र एकाच अंगाला आहेत, ते जोडून करा. फक्त रविवार नको. रविवार जोतिबाचा वार, डोंगरावर भाविकांची गर्दी असते, गुलालात न्हाऊन दर्शन घ्यायचं असेल तर रविवारीच जा आणि मनापासून जा, पण निवांत फिरायचं असेल तर मधला वार बघा.

पन्हाळ्यावर लोक काय करतात, तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना, प्रत्येक ठिकाणी गाडीतनं उतरून दहा मिनिटं फोटो, मग झुणका-भाकर आणि परत. मला याचं खरंच वाईट वाटतं. अंबरखान्याच्या गंगा कोठीत जरा वेळ उभं राहून बघा, एवढं धान्य साठवायची सोय असलेला गड सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने कसा सोसू शकला हे तिथं कळतं. आणि राजदिंडी तर बहुतेक जण बघतच नाहीत. १२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात महाराज ज्या वाटेनं गडाखाली उतरले ती ही जागा. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, त्याला किमान चार तास तरी द्या. तिथनं पावनखिंड पण करून येऊ असं कुणी म्हणालं तर थांबवा, पन्हाळ्यावरनं पावनखिंडीपर्यंत चालत जायला लोक साधारण दोन दिवस घेतात.

आता पाऊस. हा भाग नीट वाचा.

पावसाळ्यात आमच्याकडं फिरायला जायचं की नाही हे नदी ठरवते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची मिळून पंचगंगा होते आणि पश्चिमेकडं निघालेला जवळजवळ प्रत्येक रस्ता यातल्या कुठल्या ना कुठल्या नदीच्या काठानं जातो. कोल्हापुरी माणूस जुलैमध्ये सकाळी उठला की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या आसपास पाणी असेल आणि वर घाटात पाऊस लागून राहिला असेल तर गगनबावड्याचा बेत सरळ रद्द करा, शहरात ऊन पडलेलं असलं तरी. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले ही बातमी आली तरी तेच. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, सात आहेत, धरण भरून पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात, मग भोगावतीचं पाणी वाढतं आणि पुढं पंचगंगेचं.

एका जुलैत आम्ही गेलो होतो गगनबावड्याला, जाताना रस्ता कोरडा, वर गगनगडावर धुकं, पोरं खूश, आणि दुपारी परतताना मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी. पुढं एक एसटी हळूहळू निघून गेली, ती बघून माझ्या भावानं पण गाडी घातली आणि दहा फुटांवर इंजिन बंद. गावातल्या पोरांनी ढकलून मागं काढली, नाहीतर काय झालं असतं हा विचार आजही नको वाटतो. एसटी गेली म्हणून कार जात नाही. एसटी उंच असते आणि ड्रायव्हरला तो रस्ता रोजचा असतो.

अशा वेळी दुसरी चूक म्हणजे मोबाईलमध्ये शॉर्टकट शोधणं. मॅप तुम्हाला एखाद्या खेड्यातनं जवळची वाट दाखवतो, पण ती वाट बऱ्याचदा कोल्हापुरी बंधाऱ्यावरनं, म्हणजे नदीत घातलेल्या कमी उंचीच्या बांधावरनं जाते आणि पूर आला की आधी बंधारेच पाण्याखाली जातात, रस्ता नंतर. त्यापेक्षा मागं फिरून गगनबावड्यालाच मुक्काम करा. घाट उतरून वैभववाडीकडनं फोंडा घाटानं परत यायची वाट आहे, पण ती लांबची, आणि तसल्या पावसात दरड पडायची भीती तिकडंही असते, तेव्हा स्थानिकांना विचारल्याशिवाय घाटात उतरू नका. राऊतवाडी किंवा बर्कीच्या धबधब्याखाली असाल आणि पाणी अचानक गढूळ झालं तर फोटो राहू द्या, पोरांना घेऊन लगेच बाहेर.

दाजीपूरची चूक साधी आहे, लोक पावसाळ्यात जातात आणि अभयारण्य बंद बघून परत येतात. थंडीत जा, पहाटे निघा, आणि गवा दिसला तर गाडीतनं उतरू नका, तो शांत उभा असला तरी. रोख पैसे आणि भरलेली टाकी घेऊनच निघा, तिकडं रेंजचा भरवसा नाही, मग चहाचे पैसे पण फोनवरनं देता येत नाहीत.

आणि पूर्वेला कुणी जातच नाही, ही माझ्या मते सगळ्यात हळहळायची गोष्ट. तिकडं डोंगर नाहीत ना, सपाट ऊस, म्हणून. पण खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर एकदा बघाच. शिलाहारांच्या काळातलं, कृष्णेच्या काठावर, आणि त्याच्या स्वर्गमंडपाला वर छतच नाही, गोल मोकळं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा. मंडपात उभं राहून वर बघितलं की बोलावंसं वाटत नाही. बाहेरच्या बाजूला खालच्या थरात हत्तींची रांग आहे, तिला पूर्ण प्रदक्षिणा घाला, लोक समोरूनच बघून परततात. मंदिरासमोर नंदी नाही, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं गावकरी सांगतात. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, अनवाणी पाय भाजतात. जाताना नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन, कुरुंदवाडात बासुंदी, एवढ्यात दिवस छान भरतो.

हिवाळ्यात गेलात तर वाटेत गुऱ्हाळ दिसलं की थांबा. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाडं पेटलेली, आणि गुळव्या नुसतं बघून सांगतो की आता उतरवा. विचारलं तर गरम गूळ हातावर देतात, काकवी पण मिळते. पण काहिलीजवळ पोरांचा हात सोडू नका. आणि परतीचा प्रवास अंधार पडायच्या आत उरका, कारण गळीत हंगामात उसानं भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात आणि कित्येकांना मागं दिवा नसतो, साधा रिफ्लेक्टर पण नसतो, समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपले की ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. साडेपाचला वाडीतनं निघालात तर बरं, उशीर झालाच तर वेग ४० च्या खाली ठेवा.