उभ्या गाडीतून पेट्रोलचा वास येतोय? आधी चावीवरचा हात काढा

सकाळी गाडीचं दार उघडावं आणि पेट्रोलचा भपकारा नाकात शिरावा, की आपला हात हमखास चावीकडं जातो. ‘चालू करून बघूया काय होतंय ते.’ नेमकं तेच करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीलगत सरपटत राहते. बेळगावात आमच्याकडच्या जुन्या घरांत गाडी पुढच्या अंगणात, शेजारीच तुळशीपुढं दिवा आणि बोळातून मागं गेलं की पाणी तापवायचा बंब. वाफेला तेवढं अंतर काहीच नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे दिवा, उदबत्ती, बंब विझवा आणि फाटक सताड उघडा. गाडी बंद गॅरेजात असेल तर लाइटच्या बटणाला हात लावू नका, चालूही करू नका नि बंदही करू नका. बटणातली बारीक ठिणगीसुद्धा पुरते. टॉर्च लांबूनच पेटवून आणा आणि गाडीखाली वाकून बघा. थेंब गळत असतील तर गाडी न्यूट्रलला घालून दोघातिघांनी मोकळ्यावर ढकला. सांडलेल्यावर माती किंवा वाळू टाका. पाणी मारलंत तर पेट्रोल त्यावर तरंगत गटारीत जाईल. मग मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा, गाडी मिस्त्रीकडं न्यायची नाही. आग लागलीच तर लांब व्हा आणि ११२ लावा.

गळती दिसत नाही, नुसता वास आहे? मग वास ‘कुठून’ येतो याआधी ‘कधी’ येतो ते आठवा. निम्मं निदान तिथंच होतं.

पेट्रोल भरल्यावर एकदोन दिवस वास येत असेल तर चूक बहुतेक आपलीच. पुण्या-कोल्हापूरला निघालं की महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडायच्या आत टाकी गच्च करायची आपली सवय, पलीकडं महाग म्हणून. नोझल एकदा ‘खट्’ करून थांबतं, आणि पंपावरचा पोरगा विचारतो, ‘राउंड फिगर करू काय?’ आपण मान डोलावतो. त्या वरच्या शंभर रुपयांतलं पेट्रोल वाफेच्या पाइपातून कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. कॅनिस्टर म्हणजे कोळशाच्या दाण्यांनी भरलेला डबा. गाडी उभी असताना टाकीतली वाफ तो धरून ठेवतो आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. कोळसा वाफ पितो, पातळ पेट्रोल नाही. एकदा भिजला की गाडी दिवसेंदिवस वास मारते, कधी पेट्रोल भरल्याभरल्या चालू व्हायला कुरकुरते. उपाय म्हणजे पुढच्या दोनतीन वेळा पहिल्या ‘खट्’लाच थांबा. तरीही वास राहिला तर कॅनिस्टर आणि त्याचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे वाफ इंजिनाकडं सोडणारी झडप, तपासून घ्या. इंजिन बंद असताना या व्हॉल्व्हमधून फुंकर आरपार जायला नको; जात असेल तर बदलायचा.

वास मागच्या चाकाजवळ येतोय? टाकीचं झाकण काढा आणि आतला वायसर बोटानं दाबून बघा. कडक झालाय किंवा चीर दिसते, तर झाकणच नवीन आणा. चांगलं असेल तर ‘कट्-कट्’ ऐकू येईपर्यंत फिरवा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, म्हणून बाकी काही खोलायच्या आधी ही करा.

फक्त थंडीतल्या सकाळी वास आणि गाडी तापली की गायब, असं असेल तर संशय इंजेक्टरच्या ओ-रिंगवर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीभोवतीच्या रबरी कड्यावर. थंडीनं रबर आखडतं, गरम झालं की फुगून फट बुजते. दुपारी गॅरेजला नेलं की मिस्त्री म्हणतो, ‘काय नाही ओ.’ त्याचं बरोबरच असतं. त्याच्यासमोर ती गळतच नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी मोकळ्या हवेत असताना बॉनेट उघडा. आतही ओल दिसली नाही तरच चावी नुसती ऑन करा, स्टार्ट नको. दोनतीन सेकंद गाडीतला पेट्रोलचा पंप घुमतो आणि पाइपात दाब भरतो. मग चावी काढून पांढरं फडकं प्रत्येक जोडावरून फिरवा. फडकं ओलं झालं, वास आला आणि काही वेळात डाग न ठेवता वाळलं, तर ते पेट्रोल. जोडाभोवतीची धूळ एका रेघेत धुतली गेलेली दिसली तरी पुरे.

पाइप कुरतडलेला दिसला तर नवल नाही. चिकोडी-निपाणीकडं ऊसतोड लागली की रानातले उंदीर घराकडं सरकतात आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊसच! पाइपावर एम-सील, तार, सायकलची ट्यूब असले प्रयोग करू नका. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत तिथं ३ बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तिप्पट दाब असतो. त्या दाबाचाच पाइप आणि त्याचाच क्लॅम्प हवा. दाब उतरवल्याशिवाय जोड सोडवायचा नसतो, म्हणून हे काम मिस्त्रीचं.

डिकीत वास येत असेल तर आधी फवारणीचा पंप किंवा पेट्रोलचा कॅन आठवा. झाकण सैल राहिलं की मॅट पितं. मॅट काढून उन्हात टाका, खाली खाण्याचा सोडा भुरभुरून दुसऱ्या दिवशी हातानं झाडा. व्हॅक्यूम लावू नका, त्याच्या मोटारीत ठिणगी असते.

मागच्या सीटखाली वास येत असेल तर पेट्रोलचा पंप बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो टाकीवर, सीटखालच्या झाकणाखाली असतो. माझ्या गाडीचा पंप एका गॅरेजात बदलला आणि आठवड्यात वास सुरू झाला. उघडलं तर पंप कोरा आणि त्याखालचं सील जुनंच, एका जागी दुमडून बसलेलं. टाकी भरलेली असली की वास, निम्म्यावर आली की बंद. पंप काढला की सील नवीनच घालायचं आणि जुनं मागून हातात घ्यायचं.

काहीही दुरुस्त केलंत तरी गाडी रात्रभर काचा लावून उभी ठेवा. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजं असताना, दार उघडा.