बालीला परत जाताना: आधी घर, मग बॅग

पहिल्या खेपेला बालीची बॅग भरायला आम्ही तीन आठवडे घालवले आणि घर बंद करायला वीस मिनिटं. पंधरा दिवसांचा मामला होता, खपून गेलं. आता उबुदजवळ पाच महिने राहायचं म्हटल्यावर यादी उलट्या टोकाकडून लिहायला घेतलीय.

कारण हंगाम. तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे राहायला बरे महिने एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे नेमका आपला पावसाळा. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला तळमजल्यावर घर, 2019 आणि 2021 चे दोन्ही पूर पाहिलेलं, आणि ऐन जुलै-ऑगस्टात कुलूप! म्हणून पहिलं काम असं, की छातीच्या उंचीखाली किमती काही ठेवायचं नाही. कागदपत्रं, फोटोंचे अल्बम, शिलाई मशीनचं डोकं, सगळं माळ्यावर. रेग्युलेटर काढून, टोपण लावून सिलिंडर वरच्या मजल्यावर. पुराच्या पाण्यात मोकळा सिलिंडर घरभर तरंगत फिरतो. फ्रिज रिकामा करून पुसायचा आणि दार मिटू नये म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी. मागच्या वेळी पंधराच दिवस दार घट्ट लावून ठेवलं तर आल्यावर जो वास आला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. स्कूटर राजारामपुरीत मामेभावाकडे, उंचावर.

किल्ली शेजारच्या पोराकडे. त्याला सांगितलं, "राजाराम बंधाऱ्याला 39 झालं की फोन कर." पंचगंगेचं पाणी तिथं 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, जी काय उचलाउचल व्हायची ती त्या मधल्या चार फुटांत. तो म्हणाला, "काकी, 35 लाच करतो की, तुम्ही फकस्त उचला." बाली आपल्या अडीच तास पुढं आहे. इथं रात्रीचे अकरा म्हणजे तिथं दीड. तरी उचलीन म्हटलं.

घरफाळा भरून टाकायचा, वीजबिल बँकेतून आपोआप जाईल असं करायचं. यांच्या पेन्शनला हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, म्हणून परतीचं तिकीट त्याच्या आधीचं.

जायच्या तारखेवरून मात्र घरात वाजलं. यांना पाडव्याचा मुहूर्त हवा होता. बालीतही शकाचंच नवीन वर्ष असतं, आकडासुद्धा आपलाच. 2023 ला तर दोन्हीकडं 22 मार्चलाच शके 1945 लागलं. पण आपण गुढी उभारतो तेव्हा ते दिवे मालवून घरात बसतात. त्या दिवसाला न्येपी म्हणतात. आदल्या रात्री ओगोह-ओगोह नावाचे राक्षसाचे मोठाले पुतळे मिरवतात, आणि मग चोवीस तास रस्त्यावर कुणी नाही, मोबाइलचं इंटरनेट बंद, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. दर वर्षी दोन्ही तारखा जुळतातच असं नाही, म्हणून मार्चचं तिकीट काढण्याआधी न्येपीची तारीख बघायची. आम्ही एप्रिलवर तडजोड केली.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. विमानतळावर मिळतो तो 30 दिवसांचा, पाच लाख इंडोनेशियन रुपियाचा, आणि एकदाच 30 दिवस वाढतो. पाच महिन्यांना तो पुरत नाही. 60 दिवसांचा पर्यटक व्हिसा इथूनच ऑनलाइन काढायचा, तो दोनदा वाढवून 180 दिवसांपर्यंत जातो. मुदत उलटली तर दंड दिवसाला दहा लाख रुपिया, त्यामुळे वाढीच्या तारखा कालनिर्णयावर लाल पेनानं. शिवाय 2024 पासून बाली प्रांताचा दीड लाख रुपियाचा पर्यटक कर आहे, तो आधीच भरून पावती फोनमध्ये ठेवायची.

फोनवरून आठवलं. इथलं सिम रोमिंग चालू करूनच न्यायचं, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि आपलेच पैसे परके होतात. कार्डावरचा परदेशी व्यवहारही बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावा लागतो. तिथलं सिम घातलेला परदेशी फोन नोंदणी नसेल तर 90 दिवसांनंतर बंद पडू शकतो. आम्ही घरातला जुना फोन इथल्या सिमसाठी आणि चांगला फोन नोंदणी करून तिथल्या सिमसाठी, असं ठरवलंय. आणि एटीएमजवळ घाई नको. तिथल्या बऱ्याच यंत्रांतून आधी पैसे येतात, कार्ड मागून. हे नोटा मोजत बाहेर आले आणि कार्ड आतच.

औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. अमली पदार्थांचे कायदे तिथं फार कडक आहेत, म्हणून कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवायचं. बालीत 2008 पासून रेबीज आहे आणि उबुदच्या माकडांना पिशव्यांचा भारी सोस. आधी घ्यायच्या लसीबद्दल महिनाभर अगोदर डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आता बॅग. शेंगदाणे, खोबरं, गूळ काही न्यायचं नाही; तिथं ताडगूळ सुरेख मिळतो. चहा मात्र न्यायचा, कारण तिथला चहा मोगऱ्याच्या वासाचा आणि पातळ, त्यानं सकाळ होत नाही. कांदा-लसूण मसाला अर्धा किलोच. तिथं सांबल मताह मिळतो, कच्चा छोटा कांदा, मिरची, गवती चहाचा दांडा, वर गरम खोबरेल. ठेच्याची हौस त्यावर भागते. यांचा सोमवार असेल तर आधी विचारायचं, कारण सांबलमध्ये तेरासी असते, म्हणजे सुक्या कोळंबीचा गोळा. "तानपा तेरासी" एवढे दोन शब्द पाठ हवेत.

तीन पिनांचा चार्जर तिथं बसत नाही, दोन गोल पिनांचा बसतो.

आणि कोल्हापुरी चप्पल नाही. मागच्या वेळी चप्पल लाइनीतून मुद्दाम नवी करकरीत घेऊन गेले, मिरवायला. तिथल्या दमट हवेत सहाव्या दिवशी पट्ट्यांवर पांढरी बुरशी, आठव्या दिवशी वेणीचा टाका सुटला. यंदा ती तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर, अल्बमशेजारी. रबरी स्लिपर तिथंच घेणार आहे.