शाखा निवडण्याआधी एक साखर कारखाना नीट बघा

इंजिनिअरिंगची कोणती शाखा घेणार, या प्रश्नाचं उत्तर अकरावी-बारावीत बहुतेक वेळा पॅकेजच्या आकड्यावरून नाहीतर शेजारच्या दादाच्या सल्ल्यावरून ठरतं. त्या शाखेतला माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ते पाहायला पश्चिम महाराष्ट्र, अहिल्यानगर किंवा मराठवाड्यातल्या मुलांना साखर कारखान्यासारखी जागा नाही. जवळपास सगळ्या शाखा तिथे एका आवारात काम करतात, आणि एकीचं बिघडलं की दुसरी अडते.

भेटीसाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र कार्यकारी संचालकांच्या नावे द्या. गट पंधरा-वीस जणांचाच ठेवा, कारण मिलच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही. बंद बूट घाला, ओढणी आणि सैल बाह्या टाळा, गव्हाणीच्या, म्हणजे ऊस आत टाकतात त्या जागेच्या, कडेला वाकू नका. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जमलं तर दोनदा जा. हंगामात सगळं फिरताना दिसतं. हंगाम संपल्यावर तीच मिल उघडलेली असते, रोलर बाहेर काढलेले असतात, त्यांचे झिजलेले दाते वेल्डिंग करून भरले जातात. मेकॅनिकलची ओढ खरी आहे का, हे या दुसऱ्या भेटीत जास्त कळतं. तेल, ग्रीस, बेअरिंग आणि मिलिमीटरच्या अंशातली मापं यांत तासभर रमलात तर ती खरी.

आत गेल्यावर उसाच्या मागे मागे चला. गव्हाणीतून ऊस कटरकडे जातो, मग एकामागून एक मिलमध्ये पिळला जातो. शेवटच्या मिलच्या आधी बगॅसवर, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्यावर, पाणी मारतात, म्हणजे अडकलेली साखर सुटते. उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते आणि वापरून उरलेली ग्रिडला जाते. इथे इलेक्ट्रिकलच्या माणसाला विचारा: जनरेटर ग्रिडला जोडताना व्होल्टेज, 50 हर्ट्‌झची वारंवारता आणि फेज हे तिन्ही जुळलं नाही तर काय होतं? उत्तर ऐकताना पुढचा प्रश्न सुचत गेला, तर त्या शाखेची नोंद वहीत करा.

केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे बारावीच्या रसायनशास्त्राचा पुढचा भाग, असं समजून प्रवेश घेणारे पुष्कळ आहेत. तिथे रासायनिक समीकरणांपेक्षा वस्तुमान आणि उष्णतेचा हिशेब जास्त असतो. कारखान्यात तो वहीवर करून बघता येतो. रोज 5,000 टन ऊस गाळला तर ढोबळमानाने 1,400 टन बगॅस, 500 ते 550 टन साखर, 200 टनांच्या आसपास मळी (साखर काढल्यावर उरणारा दाट, काळा पाक) आणि तितकीच किंवा थोडी कमी प्रेसमड (रस गाळताना उरणारा गाळ) निघते. बेरीज 2,300 टनांच्या आसपास. बाकीचं कुठे गेलं? ते मुख्यतः पाणी, शिवाय मिलवर मारलेलं पाणी वेगळंच. ते उडवायला किती वाफ लागेल? एका भांड्यात उठलेली वाफ पुढच्या भांड्याला तापवायला वापरतात, म्हणून चार भांड्यांच्या रांगेत एक किलो वाफेत सुमारे चार किलो पाणी उडतं. पुढच्या पॅनमध्ये, म्हणजे साखरेचे दाणे बनतात त्या भांड्यात, निर्वात पोकळी का करतात, तेही विचारा. दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही.

इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाची शाखा, बघायची असेल तर रसात चुना मिसळतात तिथे थांबा. पीएच 7 च्या आसपास ठेवायचा असतो. तो खाली गेला तर साखर फुटते, फार वर गेला तर रस काळपट होतो. पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर थर बसला की तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह त्या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून चुना सोडत राहतो. यंत्र खरं बोलतंय का, हे तपासत राहणं हा या शाखेचा गाभा आहे.

कॉम्प्युटरवाल्यांनी शेतकी विभागात जावं. तोडलेल्या उसातली साखर दर तासाला घटते, त्यामुळे कोणाचा ऊस कधी तोडायचा, किती वाहनं पाठवायची, काट्यावर रांग किती लागेल, हे सगळं वेळापत्रकाचं गणित आहे. सिव्हिलसाठी मिलखालचा पाया आणि सांडपाण्याचा प्रकल्प बघा. आणि प्रत्येक विभागात शिफ्टबद्दल विचारा. हंगामात कारखाना चोवीस तास चालतो, हे वेतनाइतकंच महत्त्वाचं आहे.

कारखाना जवळ नसेल, किंवा पाहून आल्यावर खात्री करायची असेल, तर घरी दोन प्रयोग करा. पहिला, अर्डुइनो उनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एलईडी लावा आणि त्याच्यासोबत 220 ओहमचा रेझिस्टर घाला. 5 व्होल्टमधले सुमारे 2 व्होल्ट एलईडी घेतो, उरलेल्या 3 व्होल्टला 220 ने भागलं की जवळपास 14 मिलिअँपिअर. हा प्रवाह पिनला झेपतो. मग छोटी मोटर थेट पिनला का जोडत नाहीत? सुरू होताना ती शेकडो मिलिअँपिअर मागते, पिन मात्र 20 च्या आसपासच सुखाने देते. मध्ये ट्रान्झिस्टर आणि मोटरला उलटा डायोड लागतो. सर्किट चाललं नाही तर आधी ग्राउंड एकत्र जोडलंय का ते बघा, मग ब्रेडबोर्डची (वायरी खोचून सर्किट जोडायच्या छिद्रांच्या पाटीची) कडेची पट्टी मध्येच तुटलेली आहे का ते. हा शोध घेताना वैताग येतो की चेव चढतो, ते स्वतःशी प्रामाणिकपणे नोंदवा.

दुसरा प्रयोग आइस्क्रीमच्या काड्यांच्या त्रिकोणी पुलाचा. दोन स्टुलांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर ठेवा, फेविकॉल पूर्ण एक दिवस वाळू द्या, खाली बादली टांगा आणि अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाटा लागत नाही. पूल बहुधा काडी मोडून नाही, सांध्यात सुटून नाहीतर वरची दाबाखालची काडी बाजूला वाकून पडतो. का, याचं उत्तर शोधावंसं वाटलं तर सिव्हिल आणि मेकॅनिकल दोन्ही यादीत ठेवा. (घरातला मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.)

मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवा. पहिलं वर्ष बऱ्याच अंशी सगळ्यांना सारखं असतं, म्हणून तिसऱ्या सत्राचे विषय वाचा. कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्स यांचे तक्ते शेजारी ठेवले की किती विषय एकच आहेत ते दिसतं. त्यातला एक विषय घेऊन एनपीटेलवर (आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन व्याख्यानं) दहाव्या क्रमांकाच्या आसपासचं व्याख्यान बघा. पहिल्यात फक्त ओळख असते. उदाहरण सोडवायला घ्या. सुटलं नाही तरी चालेल.

हे सगळं अकरावीतच, किंवा बारावीच्या दिवाळीपर्यंत करा, कारण नंतर एमएचटी-सीईटीच्या तयारीत वेळ उरत नाही. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पर्याय-अर्जात कॉलेज आणि शाखा एकत्र निवडायची असते. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. मोठ्या कॉलेजच्या नावासाठी नको असलेली शाखा पहिल्या क्रमांकावर लिहू नका. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलायची म्हटलं तर जागा रिकामी असावी लागते आणि ती गुणांवर मिळते.