पॅकेज पाठवण्याआधी डेबियन फोल्डर आवरून घ्या

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमसाठी लोहित देवनागरीसारख्या फाँटचं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करता येईल असा गठ्ठा, करायला घेतलंत, की खरं काम फाँटमध्ये नसतं, ते शेजारच्या ‘डेबियन’ फोल्डरमध्ये असतं. तिथली प्रत्येक फाइल कशासाठी आहे हे दुसऱ्या माणसाला न विचारता कळायला हवं. पॅकेज उद्या कोण सांभाळेल ते आज सांगता येत नाही.

कंट्रोल (पॅकेजची माहिती), चेंजलॉग (बदलांची नोंद), कॉपीराइट (लायसन्स) आणि रूल्स (बिल्डच्या सूचना) या चार फाइली आधी लिहून ठेवा. त्यांतली कॉपीराइट घाईत उरकू नका. फाँटचं लायसन्स एक, तुम्ही लिहिलेल्या पॅकेजिंगचं दुसरं असू शकतं. दोन्हींसाठी वेगळे परिच्छेद हवेत.

मूळ लेखकाच्या फाइलींना थेट हात लावायचा नाही. ‘डेबियन’मधल्या सोर्स फोल्डरातल्या फॉरमॅट फाइलीत ‘3.0 (क्विल्ट)’ हा सोर्स पॅकेजचा प्रकार लिहा आणि सगळे बदल पॅच म्हणून, म्हणजे फक्त फरक नोंदवणाऱ्या फाइलींत, पॅचेस फोल्डरात ठेवा. ते कुठल्या क्रमाने लागतील हे सीरीज फाइल ठरवते, त्यामुळे तिथे नाव नसलेला पॅच नुसताच पडून राहतो. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर वर्णन, लेखक, शेवटच्या बदलाची तारीख आणि ‘फॉरवर्डेड’ ही ओळ हवीच. माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवला का, नसेल तर का नाही, हे तिथे नसलं की नवी आवृत्ती येताच पॅच ठेवायचा की काढायचा, कुणालाच ठरवता येत नाही.

मग कुठली फाइल कुठे बसेल ते सांगणारी इन्स्टॉल फाइल. तिच्या ओळीत आधी टीटीएफ, म्हणजे फाँटच्या फाइलीचं नाव, पुढे यूएसआर, शेअर, फाँट्स, ट्रूटाइप असा पत्ता. फाँटकॉन्फिग ही सिस्टममधले फाँट शोधून देणारी प्रणाली; तिची कॉन्फ (सेटिंग्जची) फाइल कॉन्फ.अव्हेल फोल्डरात बसवा आणि ती चालू करणारी जोडणी लिंक्स फाइलीत लिहा. पॅकेज एकच असलं तर नुसतं ‘इन्स्टॉल’ नाव चालतं, तरी पुढे पॅकेजचं नाव लावाच. दुसरं पॅकेज निघालं की गोंधळ होत नाही. फाँट कॅश (फाँटची साठवलेली यादी) ताजी करण्यासाठी पोस्टइन्स्ट, म्हणजे इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट, लिहायला बसू नका, ते काम फाँटकॉन्फिगचा ट्रिगर आपोआप करतो.

वॉच फाइल ठेवा, म्हणजे यूस्कॅन या साधनाला मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती सापडेल. मूळ लेखक सही करत असेल तर त्याची साइनिंग की (सही पडताळायची किल्ली) अपस्ट्रीम फोल्डरात जाते. डीएच-मेक या सुरुवातीचा सांगाडा बनवणाऱ्या साधनाने दिलेल्या ‘.ईएक्स’ शेपटीच्या नमुना फाइली वापरायच्या नसतील तर काढून टाका, निम्मा पसारा तिथेच कमी होतो. रीडमी.सोर्स ही सोर्सबद्दलची टिपण फाइल फक्त काही वेगळं केलं असेल तरच लिहा.

शेवटी एसबिल्ड या साधनाने कोऱ्या वातावरणात बिल्ड करा, लिंटियन (पॅकेजातल्या चुका शोधणारं साधन) चालवा आणि तयार डेब फाइलीतली, म्हणजे पॅकेजातली, यादी डीपीकेजी-डेब या कमांडने काढून एकेक पत्ता इन्स्टॉल फाइलीशी ताडून पाहा.