अपयश उपयोगी पडावे म्हणून प्रयोग कसा आखावा

अपयशातून माणूस शिकतो हे खरे, पण ते आपोआप घडत नाही. काम फसले की आपण कारणे स्वतःला सोयीची अशी जुळवून घेतो आणि ‘मला आधीपासूनच शंका होती’ असे प्रामाणिकपणे मानू लागतो. त्यामुळे अपयशातून खरोखर काही मिळवायचे असेल, तर तयारी अपयशाच्या आधी करावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी आपण नेमके काय बदलणार आहोत, त्यामुळे काय घडेल असे वाटते आणि काय घडल्यास थांबणार आहोत, हे तारीख घालून वहीत लिहून ठेवावे.

‘दर वाढवून पाहू’ हा प्रयोग नव्हे. ‘पुढील सहा आठवडे केवळ नव्या ग्राहकांना दहा टक्के वाढीव दर सांगायचा आणि होकाराचे प्रमाण निम्म्यावर आले तर जुना दर पुन्हा लावायचा’ हा प्रयोग आहे, कारण त्यात आपण चुकलो हे कळण्याची सोय आहे.

या बाबतीत राइट बंधूंचे काम मला फार मोलाचे वाटते. १९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरच्या पंखांना गणिताने अपेक्षित असलेल्या उचलीच्या (हवेने वर उचलून धरण्याच्या बलाच्या) सुमारे एक तृतीयांशच उचल मिळाली. किती मिळायला हवी होती हे त्यांनी आधी मोजून ठेवले होते, म्हणूनच तुटीचा आकडा हाती आला आणि शोध कुठे घ्यायचा हे समजले. त्यांनी लगेच दुसरा मोठा ग्लायडर बांधला नाही. लाकडी पेटीसारखा छोटा वातबोगदा, म्हणजे आतून हवेचा झोत सोडता येईल असा बोगदा, तयार करून त्यात पंखांच्या सुमारे दोनशे छोट्या नमुन्यांची चाचणी घेतली. उचलीच्या गणितात दीर्घकाळ प्रमाण मानला गेलेला हवेच्या दाबाचा एक गुणांक प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा आहे, हे त्यांच्या मोजमापांतून दिसून आले. १९०२ चा ग्लायडर या नव्या आकड्यांवर उभा राहिला आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनाचे विमान उडाले. मोठी चूक छोट्या पेटीत शोधता येते का, हा प्रश्न प्रत्येक उद्योजकाने भांडवल गुंतवण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांचा मूळ आहार सारखा ठेवला आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. झोप सुधारण्यासाठी रात्रीचा फोन, संध्याकाळचा चहा आणि झोपण्याची वेळ या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या, तर कशाचा गुण आला हे कधीच कळणार नाही. दोन आठवडे फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि रोज सकाळी झोपेची नोंद करावी. ठरवलेली मुदत मध्येच तोडू नये, कारण सुरुवातीचे चांगले आकडे पुष्कळदा केवळ योगायोगाचे असतात.

ज्या निर्णयातून मागे फिरता येत नाही, तो प्रयोग म्हणून करू नये. औषधे आणि घर चालवण्यासाठी लागणारी पुंजी यांना तर हात लावूच नये. प्रयोगाची झळ इतरांना बसणार असेल, तर त्यांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी.

मुदत संपल्यावर वहीतील अंदाज आणि निकाल शेजारी मांडावेत. प्रयोग फसला असेल, तर कल्पना चुकली, ती नीट अमलात आली नाही की मोजमापच सदोष होते, हे वेगळे करून पाहावे. पंधरा दिवसांपैकी चारच दिवस पाळलेला नियम ‘निरुपयोगी’ ठरवता येत नाही. निकालानंतर काय करणार हेही आधीच ठरलेले असावे. लिंडच्या प्रयोगानंतर ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडले. अनेकांनी मिळून काम करायचे असेल, तर ही वही सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर प्रमुखाने स्वतःचा फसलेला प्रयोग आकड्यांसह लिहावा, म्हणजे इतरांना आपले निकाल लपवावेसे वाटणार नाहीत.